घाटाचा जमाखर्च

उतारावर सायकल सोडून दिली आहे का कधी? पायडल न मारता चाके भरभर फिरतात, कानांजवळून वारा सूं सूं करीत जातो, आणि ही मजा आपल्याला अगदी फुकटात मिळाली असे वाटते. चढावर मात्र हीच सायकल हट्टी बैलासारखी अडून बसते. म्हणून घाट म्हटला, की सायकलस्वाराला धास्ती वाटते ती चढाची. उताराला सहसा कोणी भीत नाही.

पदार्थविज्ञानाला विचाराल, तर ते नेमके उलट सांगेल. चढ तुम्हाला दमवील, फार तर खाली उतरून सायकल ढकलायला लावील. पण चढ तुम्हाला पाडणार नाही. पाडतो तो उतार. असे का व्हावे, हे आज आपण एका दिवसाच्या सायकल-सहलीतून पाहू. मी हा धडा आधी पुस्तकात वाचला आणि नंतर रस्त्यावर शिकलो. रस्त्यावरचा धडा महाग पडला. ती हकिगत ओघात येईलच.

आपला मार्ग

महाराष्ट्राचा नकाशा समोर घ्या. सातारा जिल्ह्यात कृष्णेच्या काठी वाई आहे. तेथून पसरणीचा घाट चढून सुमारे १२ किलोमीटरवर पाचगणी, पुढे १९ किलोमीटरवर महाबळेश्वर, आणि तेथून आंबेनळी घाटाने सुमारे ४० किलोमीटर उतरले, की रायगड जिल्ह्यातले पोलादपूर. एकूण ७० किलोमीटरांची ही वाट. डिसेंबर-जानेवारीत पहाटे वाईहून निघालो, तर संध्याकाळच्या आत देशावरून कोकणात पोचता येते.

आता उंची पाहा. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे, पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. पोलादपूर मात्र १०० मीटरांच्याही आत. या आकड्यांत एक गंमत आहे, ती ध्यानात आली का? आपण चढणार जेमतेम साडेसहाशे मीटर, आणि उतरणार साडेबाराशे! चढाच्या जवळजवळ दुप्पट उतार. हे कसे? उत्तर सोपे आहे. वाईला पोचलो तेव्हाच आपण दख्खनच्या पठारावर, सातशे मीटर उंचीवर होतो. ती उंची तुमच्या पायांनी नव्हे, तर तुम्हाला वाईला आणणाऱ्या एस.टी.च्या इंजिनाने कमावली होती. उतारावर मात्र ती तुमच्याच खात्यावर येणार आहे.

चढाचे बिल

हिशेबासाठी एक सायकलस्वार कल्पू या. त्याचे वस्तुमान ५५ किलोग्रॅम, सायकल १८ किलोग्रॅम, आणि पाणी, डबा, पंप, पंक्चरचे सामान मिळून ७ किलोग्रॅम. एकूण ८० किलोग्रॅम. गुरुत्व त्वरण ९.८ आहे, पण तोंडी हिशेब व्हावा म्हणून १० धरू. म्हणजे पृथ्वी या सर्व बोजाला ८०० न्यूटन बलाने खाली ओढते.

वाई ते पाचगणी उंची ६०० मीटर. उंची गुणिले वजन म्हणजे कार्य, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा ६०० × ८०० = ४,८०,००० ज्यूल. हे कार्य वाया जात नाही. ते स्थितिज ऊर्जेच्या रूपाने तुमच्यात आणि सायकलीत साठते. शिवाय टायर रस्त्यावर दबतो-फुगतो, त्यात सुमारे ६ न्यूटन बल खर्ची पडते. हवेचा अडथळा सावकाश चढताना फक्त २ न्यूटनांच्या आसपास. चढ सरासरी वीसास एक, म्हणजे वीस मीटर रस्त्यामागे एक मीटर उंची; म्हणून रस्त्याच्या दिशेने गुरुत्वाकर्षण ८०० च्या विसाव्या हिश्श्याने, ४० न्यूटनांनी मागे ओढते. सर्व मिळून ४८ न्यूटन. बारा किलोमीटर हे बल लावायचे, म्हणजे ४८ × १२,००० = ५,७६,००० ज्यूल.

हा चढ दीड तासात चढलात, तर दर सेकंदाला सुमारे १०७ ज्यूल, म्हणजेच १०७ वॅट शक्ती तुमच्या पायांतून बाहेर पडली. घरातला साधा छताचा पंखा ७०-७५ वॅटचा असतो. म्हणजे तुमच्या पायांनी दीड तास जवळजवळ दीड पंखा चालवला!

शंभर ग्रॅम शेंगदाणे

ही ऊर्जा आली कोठून? अर्थात अन्नातून. पावणेसहा लाख ज्यूल म्हणजे सुमारे १३८ किलोकॅलरी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण ५५० किलोकॅलरी मिळतात. मग २५ ग्रॅम शेंगदाणे, म्हणजे एक लहानशी मूठ, एवढ्यात पसरणीचा घाट चढून झाला म्हणायचा का?

नाही. आपले स्नायू हे एक इंजिनच आहे, आणि कोणतेही इंजिन घेतलेली सारी ऊर्जा कामी लावू शकत नाही. सायकल चालवताना स्नायू अन्नातल्या ऊर्जेच्या सुमारे पाव हिश्श्याचेच कार्यात रूपांतर करतात. उरलेल्या तीन हिश्श्यांची उष्णता होते. तेव्हा १३८ किलोकॅलरी कार्यासाठी साधारण ५५० किलोकॅलरी खर्च करावी लागते. म्हणजे मूठभर नव्हे, पुरते शंभर ग्रॅम शेंगदाणे. त्यांतले पाऊणशे ग्रॅम तर केवळ तुम्हाला तापवण्यात गेले!

ही चारशेवर किलोकॅलरी उष्णता शरीरातच राहिली, तर ताप भरल्यासारखे होईल. तिला बाहेर काढायचे काम घाम करतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ०.५८ किलोकॅलरी उष्णता त्वचेतून उचलली जाते. हाच बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा. सारी उष्णता घामानेच न्यायची ठरवली, तर ४१२ भागिले ०.५८, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम पाणी लागेल. प्रत्यक्षात थोडी उष्णता वाराही नेतो. तरीही घाटात पाण्याची बाटली का संपते आणि पाणी तहान लागण्याआधीच घोट घोट का प्यावे, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

दात मोजून पाहा

गावात चालणारी साधी सायकल घ्या. पायडलजवळच्या मोठ्या दातेरी चक्राला बहुधा ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतात. पायडलचा एक फेरा झाला, की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच फेरे फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर, म्हणून एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हे छान. पण घाटात एका फेऱ्यामागे ४८ × ५.४, म्हणजे सुमारे २६० ज्यूल कार्य पायांना करावे लागते. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर धरला, तर पाऊल एका फेऱ्यात १.०७ मीटर वाट चालते. २६० ला १.०७ ने भागा. सरासरी २४३ न्यूटन बल मिळेल, म्हणजे सतत २४ किलोग्रॅम वजनाचा जोर.

आणि हा तर सरासरी जोर झाला. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असते, तेव्हा खाली दाबून काहीच उपयोग होत नाही. सर्व काम दांडा आडवा येतो त्याच्या आगेमागे करावे लागते. तेथे जोर सरासरीच्या दीडपटीहून थोडा अधिक, म्हणजे ३८ किलोग्रॅमपर्यंत लागतो. काही वळणांवर चढ बारास एक इतका तिखट होतो. तोच हिशेब तेथे केला, तर उत्तर ५९ किलोग्रॅम येते. आपल्या सायकलस्वाराचे वजन किती? ५५! म्हणजे तो एका पायडलवर पुरता उभा राहिला, तरी सायकल पुढे सरकणार नाही. हँडल वर ओढून थोडा अधिक जोर आणावा लागेल, नाही तर खाली उतरावे लागेल. साध्या सायकलीवरचे सारेजण ठरावीक वळणांवर खाली उतरतात, ते अंगात दम नाही म्हणून नव्हे. तेथे गणितच त्यांना उतरवते.

आता गिअरची सायकल घ्या. पुढे २८ दात आणि मागेही २८ दात असा गिअर टाकला, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा, म्हणजे २.२ मीटर. एका फेऱ्याचे कार्य झाले १०६ ज्यूल, आणि सरासरी जोर फक्त १० किलोग्रॅमचा. मग गिअरने कष्ट वाचले का? मुळीच नाही. बारा किलोमीटरांसाठी पहिल्या सायकलीवर सुमारे २,२०० फेरे लागले, दुसरीवर ५,४०० हून अधिक. फेरे आणि दर फेऱ्याचे कार्य यांचा गुणाकार करून पाहा. उत्तर दोन्हीकडे तेच पावणेसहा लाख ज्यूल! गिअर कष्ट कमी करीत नाही. तो ते लहान लहान हप्त्यांत वाटून देतो, आणि स्नायूंना हप्ते मानवतात.

घाटरस्त्याची वळणे तरी दुसरे काय करतात? पसरणी गावापासून वरच्या पठारावर नजर टाका. सरळ चढून गेले, तर अंतर थोडे, पण चढ छातीवर येणारा. रस्ता बांधणाऱ्यांनी तो नागमोडी नेला, अंतर वाढवले आणि चढ कमी केला. म्हणजे घाटरस्ता हा डोंगराला बसवलेला एक गिअरच आहे. चढावर भरलेली गाडी ओढताना बैल आपोआप तिरपे चालू लागतात. उतरणीचा नियम त्यांना कोणी शिकवलेला नसतो!

गिअरला सुरुवातीला विरोधही झाला होता. फ्रान्समधली 'टूर द फ्रान्स' ही सायकलींची प्रसिद्ध शर्यत १९१० साली पहिल्यांदा पिरेनीज पर्वतातल्या २,११५ मीटर उंचीच्या तूरमाले खिंडीतून गेली. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर या शर्यतीत वापरायला १९३७ साली परवानगी मिळाली. तोवर शर्यतवीर मागच्या चाकाच्या दोन बाजूंना कमी-अधिक दातांची चक्रे बसवीत, आणि चढ आला, की खाली उतरून चाकच उलटे करून लावीत. आज तुम्ही बोटाने खटका दाबता, तेव्हा त्यांची आठवण ठेवा.

माथ्यावर

पाचगणी आली, की काळ्या कातळाच्या पायऱ्या संपून डोंगरमाथ्यावर लाल जांभ्याचे सपाट पठार दिसते. येथून महाबळेश्वरपर्यंत रस्ता थोडा चढतो, थोडा उतरतो. हवा सुखद गार असते. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरमागे साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते, हे त्याचे कारण. हवेचा दाबही समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी झालेला असतो. येथे एक काम करा. पाण्याची प्लॅस्टिकची बाटली पिऊन रिकामी झाली, की झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवून द्या. ती फेकू नका. संध्याकाळी तिचे काम आहे.

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. सकाळी आपण कृष्णेच्या खोऱ्यातून वर आलो. आता सावित्रीच्या खोऱ्यात उतरायचे. पाहा, दोघी जवळजवळ एकाच जागी उगम पावतात. कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांतच अरबी समुद्र गाठते. उंची तीच, अंतर मात्र दहा-बारा पट कमी. सह्याद्रीचा पश्चिमेकडचा उतार किती उभा आहे, ते यावरून कळेल. आणि आपल्याला याच बाजूने उतरायचे आहे.

दहा लाख ज्यूल जातात कोठे?

पुढे निघण्यापूर्वी वहीत एक आकडा लिहा. उतरायची उंची १,२५० मीटर, वजन ८०० न्यूटन. गुणाकार बरोबर दहा लाख ज्यूल. एवढी स्थितिज ऊर्जा घेऊन तुम्ही घाटाच्या तोंडाशी उभे आहात. एवढ्या ऊर्जेत तीन लिटर थंड पाणी उकळीला येईल.

ऊर्जा नष्ट होत नाही. उतरताना ही सारी ऊर्जा कोठे तरी गेलीच पाहिजे. समजा, घर्षण नाही, हवा नाही, ब्रेकही नाहीत. मग ती सगळी गतिज ऊर्जा होईल, आणि पोलादपूरला पोचताना तुमचा वेग असेल सेकंदाला १५८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ५७० किलोमीटर! विमानाच्या तोडीचा. तसे होत नाही, कारण तीन चोर ही ऊर्जा वाटेत पळवतात: टायर, हवा आणि ब्रेक. चढताना ज्या घर्षणाला आपण नावे ठेवली, तेच उतरताना आपला जीव वाचवते.

टायरांचा वाटा जवळजवळ ठरलेला असतो. ६ न्यूटन गुणिले ४० किलोमीटर, म्हणजे सुमारे अडीच लाख ज्यूल. हवेचा वाटा वेगावर अवलंबून असतो, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर हवेचा विरोध चौपट. वीसास एक अशा उतारावर सायकल सोडून दिली, तर ती ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास गेल्यावर हवाच तिला आणखी वेगाने जाऊ देत नाही. बारास एक उतारावर हा वेग पंचेचाळीसच्याही पुढे जातो. मोकळ्या, सरळ, रिकाम्या रस्त्यावर ते एक वेळ चालेल. पण घाटात सरळ रस्ता असतो कोठे? म्हणून उरलेला वाटा ब्रेकना उचलावा लागतो.

वेगाचा वर्ग येथेही आपला पिच्छा सोडत नाही. ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना समोर दगड दिसला, ब्रेक दाबायला एक सेकंद गेला आणि मग सायकल बेताने थांबली, तर एकूण सुमारे ११ मीटर लागतात. ताशी ४० किलोमीटर वेगाने तेच अंतर होते ३० मीटरांहून अधिक. वेग दुप्पट केला, पण थांबायला रस्ता जवळजवळ तिप्पट लागला. वळणापलीकडचे तीस मीटर तुम्हाला दिसतात तरी का?

वळणाआधी

वळण घेताना सायकलीला आतल्या बाजूने ओढणारे बल हवे. हे केंद्राभिमुख बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. दहा मीटर त्रिज्येचे वळण घ्या. कोरड्या, स्वच्छ डांबरावर घर्षणांक ०.६ धरला, तर ताशी २८ किलोमीटरच्या वर टायर घसरू लागेल. त्याच वळणावर बारीक खडी सांडलेली असेल आणि घर्षणांक ०.२ वर आला, तर मर्यादा ताशी १६ किलोमीटर! आणि या हिशेबात वस्तुमान येतच नाही. बारीक मुलगा असो की जाडजूड काका, मर्यादा तीच.

म्हणून पहिला नियम: ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नव्हे. वळणात टायरची सारी पकड वळण्यासाठीच लागते. तिच्यातला वाटा ब्रेकला दिलात, तर वळायला पकड उरत नाही.

दुसरा नियम: दोन्ही ब्रेक एकत्र वापरा. ब्रेक लागताच भार पुढे झुकतो. पुढचे चाक रस्त्याला घट्ट चिकटते, मागचे हलके होते. नुसता मागचा ब्रेक दाबलात, तर ते हलके चाक अडकून फरपटते. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर मागचे चाक उचलले जाऊन तुम्ही हँडलवरून पुढे. दोन्ही हळूहळू दाबा आणि अंग सीटवर मागे न्या.

तिसरा नियम: ब्रेक सतत घासत ठेवू नका. बारास एक उतारावर ताशी २० चा वेग राखायचा, तर टायर आणि हवा यांचा वाटा वजा जाता ब्रेकवर सुमारे २८० वॅटची उष्णता निघते. डाग देण्याची साधी विजेची डागणी २५ वॅटची असते. अशा अकरा डागण्या तुमच्या रिमवर टेकवल्या आहेत, असे समजा! रिम तापते, रबराचे गुटके मऊ पडतात, ट्यूबवरचे जुने ठिगळही सुटू शकते. वेग वाढला, की दाबा; कमी झाला, की सोडा, म्हणजे मधल्या वेळात वारा रिम थंड करील. साधारण अर्ध्या वाटेवर प्रतापगडाचा फाटा लागतो. तेथे पंधरा मिनिटे अवश्य थांबा. गडही पाहून होईल आणि रिमही निवेल.

आणि चौथा नियम पाण्याचा. तो मी कसा शिकलो, ते आता सांगतो.

एक जुनी हकिगत

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आणि माझा एक मित्र पदवीच्या वर्गात होतो. नुकतीच परीक्षा संपली होती, जून उजाडला होता. याच वाटेने निघालो. चढ सुरेख पार पडला. महाबळेश्वरला कणसे खाल्ली, आणि आंबेनळीच्या तोंडाशी आलो तो ढग उतरले आणि पावसाची पहिली झिमझिम सुरू झाली. आम्हाला कोण आनंद! मित्राची सायकल मागून आणलेली. चकचकीत पोलादी रिमची. कोरड्यात तिचे ब्रेक उत्तम लागत होते. ते आम्ही निघताना दोनदा तपासले होते.

तिसऱ्या की चौथ्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबले, आणि सायकल थांबेना. तो ओरडला, "अरे, लागत नाहीत!" मी मागे होतो. मला त्याची दोन्ही बोटे दांड्यावर आवळलेली दिसत होती. रिमवर पाण्याचा पातळ थर होता. रबर रिमला टेकण्याऐवजी त्या थरावरून सरकत होते. दाबून ठेवलेल्या गुटक्यांनी ते पाणी पुसले जायला चाकाचे कित्येक फेरे जावे लागतात. वळण आले, तेव्हा ते फेरे पुरे झाले नव्हते. तो डोंगराच्या बाजूच्या गटारात जाऊन आदळला. दरीच्या बाजूला गेला असता, तर ही हकिगत मी तुम्हाला सांगितली नसती. खांद्याचे हाड मोडले. एका ट्रकवाल्याने आम्हा दोघांना सायकलींसह पोलादपूरला नेले. आजही त्याचा डावा हात खांद्याच्या वर पुरता जात नाही.

मी तेव्हा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी होतो. घर्षणाचे नियम मला तोंडपाठ होते. पण "पृष्ठभाग कोरडे असताना" हे त्या नियमाच्या आरंभीचे शब्द मी परीक्षेपुरतेच वाचले होते. त्या दिवसापासून वर्गात घर्षण शिकवताना मी ते शब्द फळ्यावर सर्वांत आधी लिहितो.

तेव्हा चौथा नियम असा: पावसात घाट उतरू नका. दरडींचा धोका आहे तो वेगळाच. अवचित पाऊस गाठलाच, तर वेग वाढण्याआधीच ब्रेक हलके टेकवून रिम पुसून घ्या, आणि तरीही भरवसा वाटला नाही, तर सरळ उतरून चाला. अॅल्युमिनियमच्या रिमवर ओला ब्रेक पोलादी रिमपेक्षा बरा लागतो, चकतीचे ब्रेक त्याहून बरे. पण ओल्या रस्त्यावर टायरची पकड कोणतेच ब्रेक वाढवू शकत नाहीत. डोक्यावर हेल्मेट मात्र कोरड्यातही हवेच.

बाटली काय सांगते?

पोलादपूर जवळ आले, की हवा बदललेली जाणवते. महाबळेश्वरपेक्षा सात-आठ अंशांनी गरम, आणि दमट. घाम येतो, पण वाळत नाही. कारण हवेत आधीच भरपूर बाष्प आहे. घामाची वाफ होईल तेव्हाच तो उष्णता नेतो, नुसता ओघळून नव्हे. म्हणून वरच्या हवेत चढ चढताना वाटला नसेल एवढा उकाडा येथे स्वस्थ बसूनही वाटतो.

आता पिशवीतली ती रिकामी बाटली काढा. ती चेपलेली असेल! कोणी पिळली तिला? तिच्यात महाबळेश्वरची विरळ हवा कोंडलेली आहे. बाहेर कोकणातली दाट हवा. दोन्हींच्या दाबांतला फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० ग्रॅम वजनाएवढा. बाटलीच्या सर्व अंगांवर तो पडला आणि ती आत गेली. तुम्ही किती खाली उतरलात, त्याची पावतीच ही.

सावित्रीच्या काठी बसून दिवसाचा जमाखर्च मांडू या. सकाळी शेंगदाणे खाऊन तुम्ही पावणेसहा लाख ज्यूल मोजून दिले, तेही घाम गाळून, एकेका फेऱ्याने. दुपारी दहा लाख ज्यूल एकही पायडल न मारता हातात आले. चढावर ऊर्जा कमी पडली, तर काय होते? सायकल थांबते, एवढेच. उतारावर जास्तीची ऊर्जा वेळेवर काढून टाकता आली नाही, तर ती स्वतःच बाहेर पडायची वाट शोधते. कधी गटारात, कधी माणसाच्या हाडांत. म्हणून पाडतो तो उतार, असे मी सुरुवातीला म्हटले.

घरी करून पाहा

आपल्या सायकलीचे पुढचे व मागचे दात मोजा. चाकाला खडूची खूण करून त्याचा परीघ मोजा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते, ते आधी गणिताने काढा आणि मग अंगणात पडताळून पाहा. नंतर मोकळ्या, सपाट जागी सायकल उभी करून चालवण्यापूर्वी रिमवर पाणी शिंपडा, सावकाश चालवा आणि ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा. कोरड्या रिमने तेच पुन्हा करा. दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. माझ्या मित्राने ते आधी लिहिले असते, तर त्या दिवशी तो मुकाट्याने सायकल हातात धरून चालला असता, आणि मीही त्याच्याबरोबर.